हिवाळ्यात घरात सापडलेली बंबलबी: ती झोपलीय की जागी, हे आधी ठरवा

हिवाळ्यात घरात बंबलबी, म्हणजे मधमाशीच्या कुळातली मोठी, गुबगुबीत, केसाळ माशी दिसली की पहिला हात साखरेच्या डब्याकडे जातो. तो आधी आवरा. तिला साखर हवी की थंडी, हे ती जागी आहे की झोपलेली यावर ठरतं, आणि या दोन्हींचे उपाय एकमेकांच्या नेमके उलट आहेत. जागीला अन्न आणि ऊन लागतं, झोपलेलीला गारवा आणि सावली. झोपलेलीला चांगल्या मनाने उठवून साखरपाणी पाजलं, तर वसंत येईपर्यंत पुरवायची शिदोरी ती हिवाळ्यातच संपवून बसते.

हिवाळ्यात सापडलेली बंबलबी बहुतेक वेळा राणीच असते. मधमाश्यांचं पोळं वर्षानुवर्षं चालतं, बंबलबीचं बिऱ्हाड मात्र एका हंगामापुरतं. थंडी सुरू होता होता जुनी राणी, कामकरी माश्या आणि नर सगळे मरून जातात. उरतात त्या फक्त हंगामाच्या शेवटी जन्मलेल्या आणि नराशी मिलन झालेल्या नव्या राण्या. प्रत्येक जण एकटीच जमिनीत शिरते. साधारण ५ ते १५ सेंटीमीटर खोल, सुमारे ३ सेंटीमीटरची अंडाकृती खोली उकरून तीत सहा ते नऊ महिने पडून राहते. सोबत मधाचं कोठार नसतं की ऊब धरायला घोळका नसतो. पोटात साठवलेली चरबी आणि गोठण्यापासून वाचवणारी शरीरातली रसायनं, एवढ्याच भांडवलावर तिला वसंत गाठायचा असतो. ती तगली तर पुढच्या हंगामात एक आख्खं घरटं उभं राहतं. काही जातींत त्यात पन्नास-शंभर माश्या असतात, काहींत तीन-चारशे. एका राणीसाठी एवढा खटाटोप का करायचा, ते यावरून लक्षात यावं.

गारठ्यात तिच्या शरीराचा खर्च जवळजवळ थांबलेला असतो. तापमान वाढलं की चरबी जळण्याचा वेगही वाढतो. सर्वांत महाग पडतं ते उडणं. उडायला छातीचे स्नायू ३० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेले लागतात. त्यासाठी ती पंख न हलवता नुसते स्नायू थरथरवते. जवळून पाहिलं तर तेव्हा तिचं पोट दुर्बिणीच्या नळीसारखं आत-बाहेर होताना दिसतं, कारण श्वासाचा वेग वाढलेला असतो. बंद खिडकीच्या काचेवर धडका देत घालवलेला अर्धा तास तिला बाहेरच्या कित्येक दिवसांच्या झोपेपेक्षा महाग पडतो.

घरात ती येते कशी? कुंडीतल्या मातीत झोपलेली असताना आपणच कुंडी थंडीपासून वाचवायला आत आणतो. जळणाच्या लाकडांच्या ढिगातून येते. बागेतून आणलेल्या पालापाचोळ्यातून किंवा सेंद्रिय खताच्या पोत्यातून येते. क्वचित एखाद्या उबदार दुपारी अवेळी जागी होऊन उघड्या खिडकीतून शिरते. ती कशातून आली हे आठवून पाहा. त्यावरून ती किती वेळ उबेत आहे याचा अंदाज येतो आणि पुढचा निर्णय सोपा होतो.

ती बंबलबीच आहे ना?

थंडीत घरात सापडणारी प्रत्येक काळी-पिवळी माशी बंबलबी नसते. पडदे, माळा, खिडकीची चौकट इथे गांधीलमाशीची राणी जास्त वेळा सापडते. तीही हिवाळा झोपूनच काढते, पण तिचं अंग गुळगुळीत आणि चकचकीत असतं, कंबर बारीक असते आणि झोपेत पंख पोटाखाली दुमडलेले असतात. बंबलबीची नक्कल करणाऱ्या केसाळ फुलमाश्या असतात. त्यांना पंखांची एकच जोडी, तोंडभर मोठे डोळे आणि अगदी आखूड मिशा असतात. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचं पोट वरून उघडं आणि चमकदार असतं. बंबलबीच्या पोटावर दाट केस असतात, मिशा लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या असतात.

राणी आकारावरूनही ओळखू येते. युरोपात सर्वत्र आढळणाऱ्या बॉम्बस टेरेस्ट्रिस या जातीत राणी दोन सेंटीमीटरच्या थोडी वर भरते, कामकरी माशी ११ ते १७ मिलिमीटरची असते. मागच्या पायाची नळी बघा: ती रुंद, चपटी, चकचकीत आणि कडेला लांब केसांची असेल तर ती पराग साठवायची टोपली, म्हणजे मादी. नराचा तो पाय बारीक आणि केसाळ असतो आणि त्याला नांगी नसते. थंडी पूर्ण पडल्यावर नर सापडलाच, तर त्याचं आयुष्य संपत आलेलं असतं. त्याला दोन थेंब पाजून बाहेर फुलावर ठेवणं एवढंच करता येतं.

मादी डंख करू शकते आणि तिच्या नांगीला मधमाशीसारखा अडकणारा काटा नसल्याने पुन्हा पुन्हा करू शकते. पण ती आधी इशारा देते. जवळ गेल्यावर मधला पाय वर उचलून धरते. पाय उचलला की हात मागे घ्या आणि मिनिटभर थांबा. फारच घाबरली तर ती उलटी होऊन नांगी वर करते. ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं.

झोप, भूक की मृत्यू

निपचित पडलेली राणी या तिन्हींपैकी कोणत्याही अवस्थेत असू शकते. अंगाकडे पाहण्याआधी जागेकडे पाहा. थंड शेडमध्ये, न तापवलेल्या गॅरेजमध्ये, कुंडीच्या मातीत, लाकडांच्या फटीत पाय आवळून स्थिर बसलेली राणी झोपलेली असते. हळूच फुंकर घातली तर एखादा पाय हलवते आणि पुन्हा स्तब्ध होते. हीटर चालू असलेल्या खोलीत फरशीवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर निपचित पडलेली राणी मात्र झोपलेली नसते. एवढ्या उबेत तिची झोप टिकत नाही. ती उपाशी आणि थकलेली आहे, तिला साखर लागणार. सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते: खोलीत पडलेलीला झोपली समजून तसंच ठेवलं जातं आणि शेडमध्ये झोपलेलीला मरायला टेकली समजून आत आणलं जातं.

मेलेली राणी वजनाला हलकी लागते, सांधे कडक झालेले असतात आणि बहुधा सोंड पुढे आलेली असते. पण घाईने निकाल देऊ नका. गारठलेली बंबलबी हुबेहूब मेल्यासारखी दिसते. थंड जागी सापडलेली असेल तर ती मेली की नाही हे तपासण्यासाठी तिला तापवू नका. पुढे सांगितलेल्या पद्धतीने झोपेच्या जागी ठेवा. मेलेली असेल तर त्याने काही बिघडत नाही, जिवंत असेल तर ती वाचते. उबदार खोलीत सापडलेली असेल तर साखरेचा थेंब तोंडाशी ठेवून तासभर वाट पाहा.

झोपलेली असेल तर

शक्य असेल तर तिला हलवूच नका. शेडमध्ये किंवा लाकडांच्या ढिगात ती सुरक्षित असेल, तर तेवढा भाग तसाच राहू द्या आणि त्या बाजूचं लाकूड शेवटी वापरा. कुंडीची माती उकरताना वर आली असेल, तर त्याच मातीत परत ठेवून सैल मातीने झाका आणि ती कुंडी बाहेर नेऊन ठेवा.

हलवावंच लागलं तर हाताच्या उबेचाही परिणाम होतो, म्हणून चमच्यावर किंवा कागदाच्या तुकड्यावर उचला. एक मातीची कुंडी घ्या, तळाला भोक असलेली, साधारण १५ सेंटीमीटर खोल. खाली दोन बोटं खडे, त्यावर निम्मी बागेची माती आणि निम्मी वाळू यांचं सैल मिश्रण. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावताच सुटावा, एवढाच ओलावा हवा. पाणी निथळलं तर बुरशी येते, आणि झोपलेल्या राणीला बुरशी थंडीपेक्षा लवकर मारते. उलट अगदी कोरड्या मातीत ती हळूहळू सुकते. मध्ये अंगठ्याने ६-७ सेंटीमीटरचा खड्डा करा, राणीला त्यात ठेवा, वर माती न दाबता भुरभुरवा आणि कोरड्या पानांचा जाड थर द्या. कुंडी बाहेर भिंतीच्या आडोशाला ठेवा, वरून पाऊस थेट पडणार नाही अशा बेताने एक कौल किंवा फळी तिरकी टाका. बाजूने वाट मोकळी राहू द्या, कारण जागी झाल्यावर तिला स्वतः बाहेर पडायचं असतं.

जागा निवडताना उत्तर गोलार्धात उत्तरेकडची, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडची बाजू घ्या. राण्या स्वतःही अशाच उतारांवर झोपतात. उन्हाच्या बाजूला हिवाळ्यातल्या एखाद्या स्वच्छ दुपारी माती तापते, राणी उठते, बाहेर फूल नसतं आणि रात्री पुन्हा गोठण असते. सावलीतली माती उशिरा तापते, म्हणून राणी योग्य वेळी उठते. उबेची दया येऊन कुंडी उन्हात सरकवू नका.

थंडीवर एवढा विश्वास ठेवायला आधार आहे. १८८५ साली न्यूझीलंडमध्ये लाल क्लोव्हर या चाऱ्याचं बी धरावं म्हणून इंग्लंडहून बंबलबीच्या झोपलेल्या राण्या जहाजाच्या शीतकक्षातून नेल्या गेल्या. अख्खा प्रवास गारव्यात काढून त्यांतल्या काही जिवंत उतरल्या आणि तिथे रुजल्या. आज हरितगृहातल्या टोमॅटोच्या परागीकरणासाठी बंबलबी वाढवणारेही राण्यांना ४-५ अंशांत महिनोन् महिने ठेवतात. तापमान स्थिर असेल आणि हवेत दमटपणा असेल, तर गारवा राणीला जपतोच.

जागी असेल तर

काचेचा ग्लास आणि पोस्टकार्डाएवढा जाड कागद घ्या. ग्लास तिच्यावर उपडा ठेवा, कागद खालून हळूच सरकवा, पाय चिमटणार नाहीत याची काळजी घ्या. काचेवर धडपडत असेल तर ती थांबेपर्यंत थांबा, उडत्या बंबलबीच्या मागे ग्लास घेऊन धावलात की ती आणखी दमते. रात्री खोलीतले दिवे घालवून एकच दिवा चालू ठेवला तर ती त्याच्याकडे येते. मधमाश्यांच्या कुळाला लाल रंग जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे टॉर्चवर लाल कागद लावून काम केलं तर ती उडत नाही. व्हॅक्युम क्लीनर, फडकं, झाडू यातलं काही नको. त्या खोलीत नुकताच कीटकनाशकाचा फवारा मारला असेल तर तिला आधी बाहेर काढा, पाजणं नंतर.

आता साखर. पांढरी दाणेदार साखर एक चहाचा चमचा आणि पाणी एक चहाचा चमचा. पाणी कोमट घेतलं तर दाणे चटकन विरघळतात, मग ते गार होऊ द्या. हे प्रमाण मकरंदातल्या गोडीच्या जवळ जातं. पाणी जास्त झालं तर तिचं पोट पाण्यानेच भरतं आणि ताकद मिळत नाही. फार दाट केलं तर जिभेने चाटता येत नाही आणि पायांना चिकटतं. मध देऊ नका, कुठल्याही कंपनीचा, घरच्या पोळ्यातला सुद्धा. मधमाश्यांच्या अळ्या कुजवणाऱ्या फाउलब्रूड रोगाचे बीजाणू मधात वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि विषाणूही एका जातीतून दुसरीत जातात. गूळ आणि तपकिरी साखर यांतले क्षार आणि मळी माशीला पचत नाही. साखरेऐवजी वापरायच्या गोळ्या-पावडरींमध्ये तिच्या कामाची ऊर्जाच नसते.

पूर्ण चमचाभर द्रावण तिला लागत नाही. तिच्या मधपोटात फार तर दोन-चार थेंब मावतात. बाटलीचं उथळ झाकण घ्या, त्यात तीन-चार थेंब टाका, झाकणात एक खडा किंवा चुरगळलेल्या टिश्यूचा तुकडा ठेवा म्हणजे पाय टेकायला जागा मिळेल. कापसाचा बोळा वापरू नका, त्याचे धागे नख्यांत अडकतात. वाटीभर पाक पुढे ठेवला तर ती त्यात पडते, केस चिकट होतात, पोटाच्या कडेची श्वासाची छिद्रं बुजतात आणि वाचवायला घेतलेली माशी आपल्या डोळ्यांदेखत गुदमरते.

झाकण तिच्या तोंडासमोर एक-दोन मिलिमीटरवर ठेवा. तिच्या अंगावर थेंब टाकू नका, तोंडात काही घालायला जाऊ नका. आधी मिशी द्रावणाला लागते. मग डोक्याखाली चाकूच्या पात्यासारखी मिटलेली तपकिरी सोंड उघडते, तिच्या टोकातून केसाळ जीभ बाहेर येते आणि भराभर आत-बाहेर होऊ लागते. एवढं दिसलं की निम्मं काम झालं. पिणं एक-दोन मिनिटं चालतं, मग विसावा, मग कधी कधी पुन्हा पिणं. दहा मिनिटांत काही हललं नाही तर टिश्यूच्या टोकावर एक थेंब घेऊन तो मिशीला हलकेच लावा. खोलीचं तापमान १५ ते २० अंश पुरेसं आहे. हेअर ड्रायर, रेडिएटर, दिव्याचा बल्ब यांच्या जवळ नेलं तर ती सुकते.

पिऊन झाल्यावर ती पुढच्या पायांनी मिशा विंचरते, सोंड पुसते, कधी पिवळसर पाण्याचा थेंब टाकते. लांब झोपेनंतर ते नैसर्गिक आहे. मग पोटाची धडधड सुरू होते. आता ती काही मिनिटांत उडणार. म्हणून ही सगळी खटपट झाकणाच्या डब्यात करायची, टेबलावर उघड्यावर नाही. ओली असेल तर आधी कोरड्या टिश्यूवर चालू द्या, टिश्यू पाणी टिपतो, तुम्ही पुसायला जाऊ नका.

बाहेर कधी आणि कुठे सोडायचं

कोरडा दिवस, वारा कमी, तापमान ८-१० अंशांच्या वर, वेळ सकाळी अकरा ते दुपारी दोन. तीननंतर सोडलेल्या राणीला आडोसा शोधायला वेळ उरत नाही. सोडायची जागा उन्हातली हवी आणि शक्य तर फुलांवर. हिवाळी हेदर, माहोनिया, हिवाळ्यात फुलणारी हनीसकल, हेलेबोर, थोडं पुढे क्रोकस आणि रानटी विलोचे तुरे, यांत थंडीतही मकरंद असतो. विकत आणलेल्या फुलांच्या गुच्छावर ठेवू नका, त्यावर फवारणीचा अंश असू शकतो आणि बहुतेकांत मकरंद नसतोच. डबा फुलाशी आडवा धरा आणि तिला स्वतः चालत बाहेर येऊ द्या. बर्फाळ गवतावर किंवा ओल्या फरशीवर सोडलं तर पोटातून उष्णता निघून जाते आणि ती जागीच गारठते.

कधी कधी सोडलेली राणी फुलाकडे न जाता थेट जमिनीकडे वळते, पानांत शिरते, माती उकरू लागते. तिला अडवू नका. पोट भरल्यावर ती पुन्हा झोपायला चालली आहे, आणि तुमच्या कुंडीपेक्षा तिला जागा चांगली कळते.

बाहेर गोठण असेल किंवा संध्याकाळ झाली असेल तर रात्रभर ठेवावं लागतं. एक-दोन लिटरचा डबा, झाकणाला सुईने पाडलेली दहा-बारा भोकं, तळाला चुरगळलेला टिश्यू आणि मूठभर कोरडी पानं, एका कोपऱ्यात टिश्यूचा किंचित ओलसर तुकडा आणि द्रावणाचं झाकण. डबा अंधाऱ्या, ५ ते १० अंशांच्या जागेत ठेवा: गॅरेज, शेड, बंद व्हरांडा. अंधार आणि गारवा मिळाला की ती शांत बसते. स्वयंपाकघरातला फ्रिज मला पटत नाही. तिथली हवा फार कोरडी असते, दार उघडताना उजेड आणि धक्के बसतात, आणि एखाद्या खणाच्या मागे शून्याच्या खाली उतरलेलंही कळत नाही. सकाळी डबा पंधरा-वीस मिनिटं खोलीत आणा, ताजं द्रावण द्या आणि दुपारच्या आधी सोडा.

एक-दोन रात्रींपलीकडे ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. आठवडाभर गोठण राहणार असेल तर पोट भरलेल्या राणीला वर सांगितलेल्या मातीच्या कुंडीत, थंड शेडमध्ये ठेवा. गारव्यात ती पुन्हा झोपते, मग तिला अन्नही लागत नाही. थंडी ओसरली की कुंडी बाहेर. खोलीत ठेवून रोज पाजत राहिलं तर ती झोपतही नाही आणि घरटंही बांधू शकत नाही, नुसती झिजते.

काही वेगळे प्रसंग

मागच्या पायांवर परागाचे गोळे दिसले तर गोष्ट वेगळी आहे. त्याचा अर्थ तिचं घरटं आसपास चालू आहे. दक्षिण इंग्लंडमधल्या शहरांत आणि बागांत बॉम्बस टेरेस्ट्रिसची घरटी आता हिवाळ्यातही चालतात. अशा माशीला कुंडीत झोपवायला जाऊ नका. दोन थेंब द्या आणि जिथे सापडली त्याच्या अगदी जवळ बाहेर सोडा. दूर नेलं तर घरटं चुकतं.

मानेजवळ आणि छातीच्या मागे तपकिरी माईट्स (गोचिडीसारखे बारीक जीव) चिकटलेले दिसले तर घाबरू नका. ते बहुतेक वेळा फक्त प्रवासी असतात, घरट्यात उतरून तिथला केरकचरा खातात. इतके झाले की तिला उडता येत नाही, असं वाटलं तरच मऊ कोरड्या कुंचल्याने हलकेच झटका. चिमटा, पावडर, औषध काही नको.

पंख चुरगळलेले किंवा कडा झिजून फाटलेले असतील तर ते परत येत नाहीत. पंख मुळातच आखडलेली राणी घरटं करू शकणार नाही. तिला फुललेल्या हेदरच्या कुंडीवर ठेवून उरलेले दिवस चालत चरू देणं, एवढंच आपल्या हातात आहे. मात्र थकलेली माशीही पंख विस्कटून बसते, म्हणून पाजल्यावर अर्धा तास जाऊ द्या आणि मगच पंखांबद्दल मत बनवा.

आणि सगळं नीट करूनही काही राण्या वाचत नाहीत. जमिनीत झोपलेल्या राण्यांच्या पोटात स्फेरुलारिया बॉम्बाय नावाचा सूत्रकृमी शिरतो. अशी राणी वसंतात उडते, पण घरटं करत नाही, जमिनीलगत घिरट्या घालून इथे-तिथे उकरत राहते. बाहेरून ते ओळखू येत नाही आणि त्यावर उपायही नाही.

बंबलबी जिथे बाहेरून आणलेली आहे तिथले नियम पाहून घ्या. जपानमध्ये बॉम्बस टेरेस्ट्रिस २००६ पासून आक्रमक परदेशी प्रजात म्हणून नोंदलेली आहे, परवान्याशिवाय ती पाळता, नेता किंवा सोडता येत नाही. टास्मानियातही १९९२ पासून ती पसरली आहे. कुठल्याही देशात राणीला गाडीत घालून दुसऱ्या गावी नेऊ नका, तिच्यासोबत तिचे रोगही जातात.

पुढच्या हिवाळ्यासाठी: कुंड्या आत घ्यायच्या तर थंडी पडायच्या आधीच, राण्या झोपायची जागा शोधू लागण्यापूर्वी घ्या. उशीर झाला असेल तर वरची पाच-सात सेंटीमीटर माती हाताने सैल करून पाहा. जळण हवं तेवढंच आत आणा, आठवड्याचा साठा चुलीशेजारी रचू नका. बागेत उत्तरेच्या बाजूचा एखादा कोपरा न खणता, पाला न झाडता सोडून द्या. एकामागून एक राण्या घरात येत असतील तर वायुवीजनाची जाळी आणि लाकडांचा ढीग तपासा.

राणी गेली की उरलेलं द्रावण मोरीत ओता आणि झाकण गरम पाण्याने धुवा. बागेत ते तसंच ठेवलं तर मुंग्या येतात, ते दोन दिवसांत आंबतं, आणि वेगवेगळ्या घरट्यांतल्या माश्या एकाच थेंबावर तोंड लावून एकमेकींचे रोग घेऊन जातात. उरलेलं पुढच्या वेळेसाठीही ठेवू नका. एक चमचा साखर विरघळायला मिनिटभरही लागत नाही.